आप्पांचा दम्याचा निळा पंप महिन्याला एक संपतोय, छाटणीच्या दिवसांत काय करावं?

निफाडकर_सातपूर

नमस्कार मंडळी. मी सातपूर एमआयडीसीत नोकरीला आहे. आई-आप्पा गावी, निफाड तालुक्यात. द्राक्षबाग आहे. आप्पांनी साठी ओलांडलीय. बिडी-तंबाखूला आयुष्यात हात लावलेला नाही.

बऱ्याच वर्षांपासून दमा आहे असं गावातले डॉक्टर सांगतात. खिशात निळा पंप कायम असतो. धाप लागली की दोन पफ मारायचे, मोकळं वाटलं की परत बागेत. उन्हाळा बरा जातो. ऑक्टोबर छाटणी झाली की हाल सुरू होतात. वेलीला नव्या फुटी निघाल्या की आधी डाऊनीची भीती, मग भुरीची, दोन्ही द्राक्षावरचे बुरशीचे रोग, म्हणजे फवारणीवर फवारणी. त्यात आमच्याकडची थंडी सगळ्यांना माहीतच आहे. पहाटे तीनच्या सुमाराला उठून बसतात, उशी मांडीवर घेऊन पुढे वाकतात, खांदे वर-खाली होत राहतात. आई पाठ चोळत बसते. या दिवसांत महिन्याला एक पंप संपतो.

मागं नाशिकच्या एका डॉक्टरांनी रोज घ्यायचा दुसरा पंप लिहून दिला होता. थोडे दिवस घेतला, झोप लागायला लागली, आणि बरं वाटतंय म्हणून आप्पांनी सोडून दिला. गावात कुणीतरी सांगितलं होतं की ते स्टिरॉइड असतं, सवय लागते. आता ते ऐकतच नाहीत. रोजचा पंप खरंच लागतो का? आणि बागेचं काय करावं? बाग सोडा म्हणणं आमच्या घरात शक्य नाही.

मेडिकलवाला_पंचवटी

भाऊ, बाकीचे सविस्तर लिहितीलच, मी काउंटरच्या अलीकडून बोलतो. निळ्या पंपात बहुतेक साल्ब्युटामॉल असतं, त्याच्या एका पंपात २०० पफ असतात. महिन्यात संपतो म्हणजे दिवसाला सहा-सात पफ झाले. वर्षाला तीन किंवा जास्त पंप लागत असतील तर मोठा झटका यायचा धोका वाढतो, आणि बारा किंवा त्याहून जास्त लागत असतील तर जिवाचा धोका वाढतो, इतकं हे गंभीर आहे. महिन्याचं किराणा सामान न्यावं तसा निळा पंप नेणारी माणसं रोज दिसतात. मी प्रत्येकाला थांबवून सांगतो, कारण हा हिशोब त्यांना दुसरं कुणी करून दाखवत नाही.

दोन गोष्टी बघा. एक, 'निळा' यावर जाऊ नका, कंपन्यांचे रंग सारखे नसतात. बाटलीवरचं औषधाचं नाव वाचा. दुसरी, आप्पांना रक्तदाबाची गोळी किंवा डोळ्यांत टाकायचे थेंब चालू आहेत का? ॲटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्यांनी दमा चाळवतो. काचबिंदूच्या काही थेंबांनीही चाळवतो. टिमोलॉल लिहिलंय का बघा. थेंब डोळ्यात पडला तरी नाकातून उतरून रक्तात जातो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, काही दमेकऱ्यांना त्यानं जोराची धाप लागते.

निफाडकर_सातपूर

आत्ताच आईला फोन केला. थेंब आहेत! काचबिंदूचे, रोज दोन वेळा. बाटलीवर टिमोलॉलच लिहिलंय. डोळ्यांच्या दवाखान्यात कुणी दम्याचं विचारलं नव्हतं आणि आप्पांनीही सांगितलं नाही. डोळ्याला डोळ्याचं आणि छातीला छातीचं, असं त्यांचं गणित. थेंब बंद करू का?

छातीचा_डॉक्टर

मनानं बंद करू नका, काचबिंदूत डोळ्याचा दाब वाढू देणं परवडत नाही. आज किंवा उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून 'यांना दमा आहे' एवढं सांगा. दमेकऱ्यांना चालतील असे दुसरे थेंब आहेत, ते बदलून देतील. मेडिकलवाल्यांनी नेमकं बोट ठेवलं. निदान इथूनच झालं असं मात्र समजू नका, हे एक कारण असेल, एकमेव नसेल.

आता तुमचा मूळ प्रश्न. दमा म्हणजे फक्त धाप लागते तेवढा वेळ नव्हे. श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते आणि ती बरं वाटत असतानाही असते. अशा सुजलेल्या नळ्या हळव्या होतात. थंड हवा, धूर, धुरळा, सर्दीचा विषाणू, काहीही लागलं की भोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि हवा बाहेर पडेनाशी होते. शिट्टी वाजते ती त्यामुळे. निळा पंप हे आवळलेले स्नायू सैल करतो. काही मिनिटांत मोकळं वाटतं आणि चार-सहा तासांत परिणाम ओसरतो. सुजेला तो हातही लावत नाही. सूज उतरवतो तो रोजचा पंप, ज्यात ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन असं औषध असतं. त्याचा गुण दिसायला दिवस-आठवडे लागतात आणि सोडला की सूज हळूहळू परत येते. आप्पांना झोप लागायला लागली होती ती रोजच्या पंपामुळे. तो सोडून ते परत निळ्यावर आले.

पूर्वी सौम्य दम्याला नुसता निळा पंप चालतो असं आम्हीही शिकलो होतो. २०१९ साली 'जीना' या दम्यावर काम करणाऱ्या जागतिक संस्थेनं आपली मार्गदर्शक तत्त्वं बदलली. मोठ्या माणसांना आणि बारा वर्षांपुढच्या मुलांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये, सूज उतरवणारं औषध सोबत हवंच, असं आता सांगितलं जातं. ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप असा आहे की तोच रोज घ्यायचा आणि धाप लागली तरी तोच. रात्री दोन पंपांत गोंधळणाऱ्यांना हे फार सोपं पडतं. आप्पांना चालेल का ते तपासणारे डॉक्टर ठरवतील.

त्याआधी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची श्वासाची तपासणी, करून घ्या. निदान ऐकीव आहे म्हणून हे जोर देऊन सांगतोय. या वयात धाप हृदयामुळेही लागते, तेव्हा ईसीजीही होऊ द्या. आणि एक विचारतो, बागेपासून चार-आठ दिवस लांब गेले तर त्यांना बरं वाटतं का?

निफाडकर_सातपूर

हो. बहिणीकडे मुंबईला गेले की रात्री एकदाही उठत नाहीत. आम्ही म्हणायचो तिकडची हवा दमट आणि उबदार, म्हणून मानवते.

छातीचा_डॉक्टर

उबदार हवेचाही भाग असेल. पण कामापासून लांब गेल्यावर बरं वाटणं ही कामाशी जोडलेल्या दम्याची मोठी खूण आहे. डॉक्टरांकडे हे वाक्य असंच्या असं सांगा.

दिंडोरीचा_बागवान

आमच्याकडं बी हाच ताप आहे, म्हणून लिहितो. मला स्वतःला दमा नाही, धाकट्या भावाला आहे. त्याला सगळ्यात वाईट गंधकाच्या धुरळणीनं होतं. भुरीसाठी सकाळी पावडर उडवली की ती बागेत तरंगत राहते, घशात आग होते, ज्याला दमा नाही तोही खोकतो. आम्ही भावाला त्या कामातून काढलंच. तो हिशोब बघतो, पाणी बघतो, छाटणीला मजुरांवर उभा राहतो. ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, चालू असताना आणि त्या दिवशी पुढं बागेत पाय ठेवत नाही. धुरळणीऐवजी पाण्यात मिसळायचं गंधक वापरतो, निदान पावडर उडत नाही. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही, औषधाची वाफ रुमालातून सरळ आत जाते. एन-९५ मास्क धुळीला बरा, वाफेला नाही. फवारणाऱ्या गड्याला कार्ट्रिजचा मास्क घेऊन दिला, दुकानात मिळतो. घरी आल्यावर कपडे बाहेरच काढायचे, अंघोळ करून मगच घरात.

आणि पंपाचं म्हणाल तर आप्पांना आपल्या भाषेत सांगा. डाऊनी पानावर दिसायची वाट बघतो का आपण? ढगाळ झालं की आधीच फवारतो. पानावर डाग पडल्यावर पळापळ करून उपयोग नसतो हे त्यांच्याइतकं कुणाला कळतं? भावाला हे एका दमात पटलं होतं.

शंकाखोर

इथं सगळे स्टिरॉइडची भलामण करताहेत म्हणून लिहितोय. माझ्या मावशीला दम्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या वर्षानुवर्षं दिल्या. साखर वाढली, हाडं ठिसूळ झाली, मोतीबिंदू झाला. गावातल्या माणसांची भीती उगाच नाही.

छातीचा_डॉक्टर

भीती उगाच नाही, बरोबर आहे. मावशींना जे झालं ते गोळ्यांमुळे होऊ शकतं आणि म्हणूनच रोजच्या पंपाचा एवढा आग्रह धरतो. पंपाचं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. २०० मायक्रोग्रॅमचे सकाळी दोन, संध्याकाळी दोन पफ घेतले तरी दिवसाचे ८०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅमही नाही. मोठा झटका आला की प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देतात त्या दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या आसपास, पाच-सात दिवस. दोन्ही औषधांची ताकद वेगळी, त्यामुळे आकड्याला आकडा लावून बघता येत नाही. पण पंपाचं औषध थेट छातीत जातं आणि जे पोटात उतरतं त्यातलं बहुतेक यकृतात निकामी होतं. रोजचा पंप सोडणाऱ्याला झटके येतात, झटक्यांना गोळ्या-इंजेक्शनं लागतात, आणि दर हिवाळ्यात असे दोन-तीन कोर्स झाले की ज्या स्टिरॉइडला घाबरून पंप सोडला तेच कितीतरी जास्त अंगात जातं.

पंपालाही दुष्परिणाम आहेत. घसा बसतो, तोंडात पांढरी बुरशी येते. स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची पोकळ नळी, वापरून आणि नंतर चूळ भरून थुंकली तर हे बरंच टळतं. खूप मोठा डोस वर्षानुवर्षं घेतला तर हाडं-डोळे तपासत राहावे लागतात. मुलांची उंची साधारण एक सेंटिमीटरनं कमी राहू शकते. सवय मात्र लागत नाही. सोडल्यावर त्रास परत येतो तो दमा परत उफाळल्यामुळे.

इंदिरानगरची_आई

उंचीच्या त्या एक सेंटिमीटरनं आमच्या घरात महाभारत झालं होतं. लेक दुसरीत होती. माझ्या सासूबाई म्हणायच्या, पोरीला पंप लावला की लोक काय म्हणतील, उद्या लग्नाचं काय. मी त्यांना सोबत घेऊन दवाखान्यात गेले, डॉक्टरांना म्हटलं, तुम्हीच आजींशी बोला. आता सासूबाईच तिला रात्रीचा पंप देतात आणि मी विसरले तर मला ऐकवतात. निफाडकर, आप्पांना डॉक्टरांसमोर बसवा. तुम्ही मध्ये निरोप सांगत बसू नका.

आणि स्पेसर घ्याच. आधी दोन-चार वेळा हवेत फवारून पंप चालू आहे ना बघायचं, नवीन असेल तर विशेष. मग हलवायचा, स्पेसरला लावायचा, पूर्ण श्वास सोडून ओठ घट्ट मिटायचे, एकच पफ दाबायचा आणि लगेच सावकाश खोल श्वास घ्यायचा. मग जमेल तितका, दहापर्यंत मोजत धरून ठेवायचा. लहानग्यांना धरता येत नाही, त्यांनी नुसते पाच-सहा शांत श्वास आत-बाहेर केले तरी चालतं. दुसरा पफ अर्ध्या मिनिटानं. दोन पफ एकदम दाबले तर औषध नळीच्या भिंतीलाच चिकटतं. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच निथळत ठेवायचा. फडक्यानं पुसला की आत विद्युतभार तयार होतो आणि औषध चिकटून बसतं, हे मला डॉक्टरांच्या मदतनीस ताईंनी दाखवलं होतं.

मेडिकलवाला_पंचवटी

+१. त्यात भर. पंप पाण्यात टाकून तरंगतो का बघायची जुनी पद्धत सोडा, त्यानं काही कळत नाही. आकडा दाखवणारा पंप मागा, नाहीतर सुरू केल्याची तारीख पेनानं लिहून ठेवा. आणि रोटाकॅप्सूल, म्हणजे श्वासातून ओढायच्या पावडरीची कॅप्सूल, गिळणारी माणसं आजही येतात! ती यंत्रात घालून ओढायची असते, आणि तिथं श्वास सावकाश नाही, जोरात आणि खोल ओढायचा. पंपाला हळू, पावडरीला जोरात. पैशाचं अडत असेल तर जनऔषधी केंद्रात विचारा, तिथे इनहेलर बरेच स्वस्त पडतात.

तपोवनकर

आमच्या ओळखीत कोजागरीला दुधातून दम्याचं औषध घेतात. तीन कोजागऱ्या केल्या की दमा जातो म्हणतात. काहीजण मृगाला हैदराबादला माशाचं औषध घ्यायलाही जाऊन आले. करून बघायला काय हरकत आहे?

छातीचा_डॉक्टर

श्रद्धेनं कोजागरीचं दूध प्यायला माझी ना नाही. दोन हरकती आहेत. तिथे रात्रभर जागून थंडीत, धुरात बसवतात आणि अनेक ठिकाणी 'आता पंप बंद करा' असं सांगतात. पंप बंद करून चार दिवसांनी आयसीयूत आलेले रुग्ण मी पाहिलेत. दुसरं, नाव-गाव नसलेल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याची प्रकरणं उघड झालेली आहेत. पुडीनं चमत्कारासारखं बरं वाटलं तर आधी तीच शंका घ्यावी. यातल्या कशानं दमा मुळातून जातो याचा पुरावा नाही. पंप नियमित घेऊन दम्यावर ताबा ठेवता येतो आणि माणूस शेतात, मैदानावर सगळीकडे वावरू शकतो, याचा भरपूर पुरावा आहे.

कॉलेजरोड_वॉकर

प्राणायामाचं विचारायचं होतं. आणि सध्या कुंभासाठी जागोजागी रस्ते खणलेत, पाथर्डी फाट्याकडून येताना रोज नाकातोंडात माती. नाशिक तर हवा सुधारायच्या राष्ट्रीय कार्यक्रमातल्या शहरांत २०१९ पासून आहे. फिरायला जावं की नाही?

छातीचा_डॉक्टर

जावं, पण पहाटे पाचला नको. हिवाळ्यात थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो आणि धूर-धुरळा त्यातच अडकतो. ऊन पडून तासभर झाला की निघा, नाकावर मफलर घ्या, खणलेला रस्ता टाळून गल्लीबोळातून जा. श्वासाच्या व्यायामानं त्रास कमी जाणवतो, घाबरल्यावर श्वास ताब्यात राहतो, जरूर करा. नळ्यांची सूज त्यानं उतरत नाही, म्हणून पंपाच्या बदली नको. कपालभाती धाप असताना मुळीच नको.

घरातला धूर लोक विसरतात. मच्छर कॉइल, धूप, चुलीचा धूर. देवाजवळ उदबत्तीऐवजी निरांजन लावा, रात्री कॉइलऐवजी मच्छरदाणी.

निफाडकर_सातपूर

मंडळी, आप्पांना घेऊन जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब लगेच बदलून दिले. मग स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, आणि त्या ताई 'फुंका आप्पा, अजून, अजून, अजून, सोडू नका' म्हणत राहिल्या. पहिल्या वेळी आप्पांना खोकलाच आला. तीनदा फुंकल्यावर पहिल्या सेकंदाची हवा १.६ लिटर आली. मग पंप देऊन पंधरा-वीस मिनिटं बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं, तर २.१ लिटर. डॉक्टर म्हणाले, १२ टक्के आणि २०० मिलिलिटर वाढली तरी दम्याच्या बाजूनं धरतो, तुमची अर्धा लिटर वाढली. ईसीजी ठीक आहे.

नंतर म्हणाले, तुमचा पंप कसा घेता ते दाखवा. आप्पांनी नेहमीसारखा तोंडात धरला आणि दाबला. दाबताना ते श्वास सोडत होते! ओठांच्या कडेनं पांढरा फवारा बाहेर आला, माझ्या डोळ्यांसमोर. इतकी वर्षं निम्मं औषध हवेत गेलं असणार. स्पेसर लावून त्याच खुर्चीवर पुन्हा करून घेतलं, जमेपर्यंत.

आता ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा एकच पंप आहे, सकाळ-संध्याकाळ, आणि धाप लागली तरी तोच, दिवसात किती घ्यायचे ते कागदावर लिहून दिलंय. पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा जोर मोजायचं छोटं यंत्र, घेतलं. आप्पांचा सगळ्यात चांगला आकडा काढायचा, त्याच्या ८० टक्क्यांवर असेल तर हिरवं, ५० ते ८० पिवळं, ५० च्या खाली लाल. आप्पा तो आकडा फवारणीच्या वहीत लिहितात, डाव्या बाजूला औषध आणि उजव्या बाजूला फुंकर. धुरळणी शेजारच्या बागेत झाली त्या दिवसाचा आकडा खाली आलेला त्यांनीच मला दाखवला. आता ते स्वतःच म्हणतात, ब्लोअरच्या दिवशी मी पिंपळगावला मार्केटला जातो.

डाऊनीचं उदाहरण गाडीतच सांगितलं होतं, बागवान. आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, तसं सांगायचं ना मग आधी.

दिंडोरीचा_बागवान

लई बरं वाटलं वाचून. डॉक्टरसाहेब, एक काम करा. धाप जोरात लागली तर काय करायचं ते साध्या मराठीत लिहून द्या. शेडमध्ये चिकटवतो. गडी माणसं घाबरून नुसती पाणी पाजत बसतात.

छातीचा_डॉक्टर

घ्या.

माणसाला बसवा, जरा पुढे वाकून. आडवं झोपवू नका. गर्दी हटवा, गळ्याजवळचं बटण काढा. निळा पंप स्पेसरला लावून एक पफ द्या, चार श्वास घेऊ द्या. असं चार वेळा. चार मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा चार, आणि त्याच वेळी दुसऱ्यानं १०८ ला फोन लावायचा. गाडी येईपर्यंत हेच चालू ठेवायचं. डॉक्टरांनी दोन औषधं एकत्र असलेला पंप दिला असेल तर त्यांच्या कागदाप्रमाणे तो द्या.

एक वाक्य सलग बोलता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, माणूस गुंगल्यासारखा वागत असेल, किंवा बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९२ च्या खाली असेल, तर थांबून बघायचं नाही, १०८ ला फोन पहिल्याच मिनिटाला. छातीतली शिट्टी अचानक बंद झाली आणि धाप तशीच असेल तर बरं वाटलं असं समजू नका, हवा आत जायचीच बंद होतेय.

मेडिकलवाला_पंचवटी

शेडमध्ये कागदासोबत पंप आणि स्पेसरही ठेवा, आणि कुलपात नको. पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी होते, तेव्हा घरातल्या खोलीत हलवा, पंप तापलेला चालत नाही. मागची तारीख दर छाटणीला बघत जा.